दात आंबले, की दात झिजले?

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या आरोग्यविषयक भाषणाचा मजकूर)

 

आज आम्ही दातांबद्दल बोलणार आहोत. दाताची कीड आपल्याला माहीत आहे. काळा खड्डा पडतो, त्यात अन्न अडकतं, रात्री ठणका लागतो. आजचा विषय मात्र वेगळा आहे. आंबटामुळे होणारी दातांची झीज. ही झीज काळी दिसत नाही, सुरुवातीला फारशी दुखत नाही, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. लक्षात येते तेव्हा बाई म्हणते, "वय झालं, दात जायचेच." पस्तिशी-चाळिशीच्या बाईचं काही वय झालेलं नसतं. तिचे दात हळूहळू झिजत आलेले असतात.

मग ती भाकरी कालवणात भिजवून खायला लागते. शेंगदाणे सोडते, हरभरे-फुटाणे सोडते. एका बाजूनेच चावते. आधीच घरात सगळ्यांच्या मागून जेवणारी बाई आणखी कमी खाते. दातांची गोष्ट अशी ताटापर्यंत आणि रक्तापर्यंत जाते.

झिजून गेलेला भाग परत येत नाही, हे खरं. पण आज जेवढा दात शिल्लक आहे तेवढा राखता येतो. त्यासाठी दोन कामं करायची. तोंडात आंबट कुठून येतं ते शोधायचं, आणि दातांवर वर्षभर नजर ठेवायची.

दात आंबतात तेव्हा काय होतं?

आपल्या बोलण्यात "दात आंबले" हा शब्द आहेच. मीठ-तिखट लावून कैरीच्या चार-सहा फोडी खाल्ल्या की दात शिवशिवतात, भाकरी चावताना कसंतरी होतं. दुसऱ्या दिवशी बरं वाटतं आणि आपण विसरून जातो.

दाताला बाहेरून एक पांढरं कठीण कवच असतं. डॉक्टर त्याला इनॅमल म्हणतात. आपल्या शरीरात त्याच्याइतकं कठीण दुसरं काहीच नाही, हाडसुद्धा नाही. दाढेच्या टोकावर ते दोन-अडीच मिलिमीटर जाड असतं आणि हिरडीकडे पातळ होत जातं. ते कॅल्शियम आणि फॉस्फरस या खनिजांचं बनलेलं आहे, आणि आंबटातलं आम्ल ही खनिजं विरघळवतं. तांब्याचा काळवंडलेला हंडा आपण चिंचेने घासतो. हंडा लख्ख का होतो? चिंचेचं आम्ल वरचा काळा थर काढून टाकतं. हंड्यावरचा थर गेलेला बरा. दातावरचा थर जाता कामा नये.

आंबटपणा मोजायची एक पट्टी असते. साध्या पाण्याचा आकडा ७. आकडा जितका खाली, तितकं आम्ल जास्त, आणि एका आकड्याने खाली आलं की आम्ल दहा पटीने वाढतं. साधारण साडेपाचच्या खाली दाताचं कवच मऊ पडायला लागतं. लिंबाचा रस दोन ते तीनच्या दरम्यान असतो. बाटलीतलं काळं थंड पेय तीनच्याही खाली असतं. साखर घातल्यामुळे ते जिभेला आंबट लागत नाही एवढंच. जीभ फसते, दात फसत नाही.

देवाने यावर एक औषधही तोंडातच ठेवलं आहे, ते म्हणजे लाळ. लाळ आम्ल धुऊन काढते आणि तिच्यातली खनिजं मऊ पडलेल्या कवचाला पुन्हा घट्ट करतात. पण त्याला वेळ लागतो, निदान अर्धा-पाऊण तास. तेवढ्यात पुन्हा कैरी, पुन्हा चिंच, पुन्हा बाटलीचा घोट आला, तर लाळेला सवडच मिळत नाही. मऊ पडलेला थर घासला जातो आणि निघून जातो. म्हणून आंबट किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं, किती वेळ तोंडात ठेवलं, हे जास्त महत्त्वाचं. जेवताना एकदा खाल्लेली चटणी परवडते. दिवसभर गालात धरलेली चिंचेची गोळी परवडत नाही.

गटाच्या बैठकीत एक प्रयोग करून पाहा. अंड्याचं अर्धं टरफल वाटीत ठेवा आणि ते बुडेल इतका लिंबाचा रस घाला. थोड्याच वेळात बुडबुडे दिसतील. दुसऱ्या दिवशी टरफल बोटाने दाबून बघा. दात काही अंड्याचं टरफल नाही, तो त्याहून पुष्कळ घट्ट आहे. पण कॅल्शियम दोन्हींत आहे, आणि आम्ल दोन्हींचं वैरी आहे.

तोंडात आंबट येतं कुठून?

दोन वाटा आहेत. एक बाहेरून, एक पोटातून.

आधी बाहेरची वाट. होळी झाली की सातपुड्यात कैरीचे दिवस येतात. धडगावकडे, मोलगीकडे पाड्यापाड्यावर आमचूरचं काम सुरू होतं. कैरी उतरवायची, साल काढायची, कोयीभोवतीच्या चकत्या कापायच्या, अंगणात, खडकावर, छपरावर वाळवायच्या. घरातल्या बायका आणि पोरं दिवसच्या दिवस कैरीत बसलेली असतात. हात चालतो तसं तोंडही चालतं. एक चकती इकडे, एक तिकडे. वाळलेलं आमचूर पोत्यात भरताना त्याची धूळ तोंडात जाते. पुढे थंडीत बोरं, आवळे. उन्हाळ्यात करवंदं आणि चिंच. चिंच फोडून चिंचोके काढायचं काम करतानाही असंच होतं.

बहिणींनो, आमचूर हा कित्येक घरांचा उन्हाळ्यातला पैसा आहे. ते काम सोडा असं आम्ही मुळीच म्हणत नाही. कैरी खाऊ नका असंही म्हणत नाही. काम करताना काय सांभाळायचं, ते पुढे सांगतो.

बाहेरच्या वाटेने येणारी दुसरी गोष्ट म्हणजे थंड पेयं. किराणा दुकानात छोट्या बाटल्या टांगलेल्या असतात. लग्नात, बाजारात पोरांच्या हातात त्याच. एक बाटली तासभर घोट घोट पीत बसलं, की तासभर दात आम्लात भिजत राहतात.

दुसरी वाट पोटाची. आपल्या जठरात अन्न पचवायला फार तीव्र आम्ल असतं. ते तिथेच राहिलं तर काही बिघडत नाही. ज्यांना आम्लपित्ताचा त्रास आहे, छातीत जळजळतं, रात्री झोपल्यावर घशाशी आंबट येतं, त्यांच्या दातांना मात्र ते लागतं. उपाशीपोटी दोन-दोन कप चहा, तंबाखू, रिकाम्या पोटी घेतलेल्या अंगदुखीच्या गोळ्या, अवेळी जेवण, यांनी आम्लपित्त वाढतं. पोटुशी बाईला रोज उलट्या होत असतील तर तिच्याही दातांवर तेच आम्ल येतं.

नंदुरबारच्या मिरची पथारीवर देठ खुडायला जाणाऱ्या बहिणी विचारतात, मिरचीने दात झिजतात का? मिरचीचा तिखटपणा म्हणजे आम्ल नव्हे. तिने दात विरघळत नाहीत. पण तिखट खाल्ल्याने ज्यांचं पित्त खवळतं, त्यांच्या दातांना ते आडवाटेने त्रास देतं.

आणखी एक गोष्ट. उन्हात राबून अंगातलं पाणी कमी झालं की तोंड कोरडं पडतं, लाळ कमी होते. ऊसतोडीला, वीटभट्टीला जाणाऱ्या बहिणींनी हे लक्षात ठेवावं. कोरड्या तोंडात आंबट गेलं तर त्याला धुवायला कुणी नसतं. म्हणून पाणी प्यायचं, पुन्हा पुन्हा प्यायचं.

झीज ओळखायची कशी?

आरसा घ्या आणि दिवसाच्या उजेडात उभ्या राहा. पुढचे दात स्वच्छ कापडाने कोरडे करा आणि बघा.

दात नेहमीपेक्षा गुळगुळीत आणि चकचकीत दिसतात का? पांढरे कमी आणि पिवळे जास्त दिसतात का? वरचं कवच पातळ झालं की आतला पिवळसर थर दिसू लागतो. घासून घासून तो पिवळेपणा जायचा नाही, उलट वाढेल.

पुढच्या दातांच्या कडा काचेसारख्या आरपार दिसतात का? त्यांचे बारीक टवके उडाले आहेत का? दाढांच्या टोकांवर वाटीसारखे छोटे खळगे पडले आहेत का? दाढेत पूर्वी सिमेंट भरलं असेल, तर ते आता दातापेक्षा वर आल्यासारखं लागतं का? सिमेंट वर आलेलं नसतं, भोवतालचा दात खाली गेलेला असतो.

वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू, म्हणजे जिभेकडची बाजू, बोटाने चाचपा. ती बाजू जास्त झिजली असेल तर पोटातलं आम्ल वर येत असण्याची शक्यता जास्त. ओठाकडची बाजू झिजली असेल तर बाहेरून येणाऱ्या आंबटाचा संशय घ्यावा. यावरून डॉक्टरलाही बरंच कळतं.

हिरडीजवळ कुऱ्हाडीने खाच मारल्यासारखी खूण असेल तर ती बहुतेक जोरजोराने आडवं घासल्याची असते. राखुंडी, कोळसा, विटेची पूड, जाड मीठ यांनी ती लवकर पडते. मिसरीनेही पडते. आणि लहानपणापासूनच बऱ्याच दातांवर खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी डाग असतील, तर ते पिण्याच्या पाण्यातल्या जास्त फ्लोराइडचे असू शकतात. एकाच तोंडात या दोन-तीन गोष्टी एकत्रही असतात. म्हणून घरी पाहायचं, पण निर्णय दाताच्या डॉक्टरवर सोडायचा.

आजपासून काय करायचं?

पहिलं. आंबट खायचं ते जेवणाबरोबर आणि एकाच वेळी. अधूनमधून चघळणं बंद.

दुसरं. आंबट खाल्लं की लगेच साध्या पाण्याने खळखळून चूळ भरा. ब्रश किंवा दातण लगेच करू नका. त्या वेळी कवच मऊ पडलेलं असतं, घासलं की निघतं. निदान अर्धा तास थांबा.

तिसरं. उलटी झाली किंवा घशाशी आंबट आलं तरीही लगेच घासू नका. पेलाभर पाण्यात छोटा चमचा खाण्याचा सोडा विरघळवून चुळा भरा आणि थुंकून टाका. गिळू नका. सोडा नसेल तर साधं पाणीही चालेल.

चौथं. आमचूरच्या कामाला बसताना शेजारी पाण्याचा तांब्या ठेवा. पोती भरताना तोंडाला पदर किंवा रुमाल बांधा. कैरी खायची ती दुपारच्या भाकरीबरोबर. पोरांना हाच नियम लावा, आणि चघळायला आमचूरऐवजी भाजलेले शेंगदाणे द्या.

पाचवं. मऊ ब्रश आणि फ्लोराइड असलेली टूथपेस्ट वापरा. डब्यावर तसं लिहिलेलं असतं, लिहायला-वाचायला येणाऱ्या मुलीकडून वाचून घ्या. दिवसातून दोनदा घासा. रात्री झोपण्याआधी घासणं जास्त गरजेचं, कारण झोपेत लाळ कमी होते. मोठ्यांनी वाटाण्याएवढी पेस्ट घेतली तरी पुरते. तीन वर्षांच्या आतल्या लेकराला तांदळाच्या दाण्याएवढीच. घासून झाल्यावर फेस थुंकायचा, पण भरपूर पाण्याने सारखं धुऊन काढायचं नाही. थोडं फ्लोराइड दातावर राहू द्या. कवच घट्ट करायला तेच मदत करतं. गावच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असल्याचं तपासणीत सांगितलं असेल, तर लहान मुलांच्या पेस्टबद्दल डॉक्टरला विचारा.

सहावं. दात पांढरे करायला लिंबू-मीठ, लिंबू-सोडा चोळायचे उपाय मोबाइलवर फिरतात. करू नका. पहिल्या दिवशी दात चमकतो, कारण वरचा थर निघालेला असतो. तो हंड्याचा न्याय इथे नको.

ताक, लिंबू आणि लोहाची गोळी

इथे एक गैरसमज होऊ नये म्हणून थांबून सांगतो.

आंबट आहे म्हणून ताक आणि दही सोडू नका. त्यांत आम्ल आहे, पण कॅल्शियम आणि फॉस्फरसही भरपूर आहे. त्यामुळे ते दाताची खनिजं ओढून घेत नाहीत. भाकरीबरोबर ताक हे दाताला चांगलंच.

लिंबूही सोडायचं नाही. आपल्या भागात कित्येक बायकांच्या अंगात रक्त कमी असतं. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे डाळीतलं, पालेभाजीतलं आणि गोळीतलं लोह अंगी लागतं. आशाताई सांगते ते बरोबरच आहे. फरक एवढाच करायचा की लिंबू वरणावर, भाजीवर पिळायचं, फोड चोखत बसायचं नाही. उन्हातलं लिंबूपाणी बसून एकदम प्यायचं, बाटलीत भरून दिवसभर घोट घोट नाही. मागून साध्या पाण्याची चूळ.

लोहाच्या गोळीने मळमळतं म्हणून पोटुशी बाई गोळी सोडते, तसं करू नका. ती कधी आणि कशी घ्यावी ते आशाताईला, नर्सबाईला विचारा. उलटी झालीच तर वर सांगितलेली सोड्याची चूळ आहे. दात आणि रक्त, दोन्ही सांभाळता येतात.

दवाखान्यात काय उपचार होतात?

झीज कमी असेल तर बहुतेक वेळा सुई नाही, यंत्र नाही. डॉक्टर कारण शोधतात, दातांवर फ्लोराइडचा लेप लावतात, शिवशिव कमी करणारी पेस्ट देतात. त्या पेस्टने एका दिवसात गुण येत नाही. रोज दोनदा, काही आठवडे नेमाने वापरावी लागते.

खळगे पडले असतील, कडा तुटल्या असतील, तर दाताच्या रंगाचं सिमेंट भरतात. बऱ्याचदा दात फारसा कोरावा लागत नाही. दात फार झिजून आखूड झाला असेल तर त्यावर टोपी, म्हणजे कॅप बसवतात. झीज नसेपर्यंत पोचली असेल तर आधी नसेचा उपचार, ज्याला रूट कॅनाल म्हणतात, तो करावा लागतो. झिजलेला दात काढूनच टाकावा लागतो असं नाही. "काढून टाका, कटकट मिटेल" असं म्हणण्याआधी विचारा, "डॉक्टर, हा दात वाचेल का?" हा प्रश्न विचारायचा आपल्याला हक्क आहे.

आणखी एक. आंबटाची वाट बंद केली नाही, तर भरलेलं सिमेंटही टिकत नाही. आम्लपित्त आठवडेन्‌आठवडे चालू असेल तर दुकानातल्या गोळीवर भागवू नका. पोटाच्या डॉक्टरचा इलाज हाच तेव्हा दाताचाही पहिला इलाज असतो.

जायचं कुठे? आधी आशाताईला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा की जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात दाताचे डॉक्टर बसतात आणि कोणत्या दिवशी. जिल्हा रुग्णालयात आणि काही ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांत ते असतात. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. कॅपसारखे उपचार सगळीकडे होत नाहीत, म्हणून फेरी वाया जाऊ नये यासाठी आधी चौकशी करा. अंगणवाडी आणि शाळेतल्या मुलांना तपासायला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. त्या दिवशी मुलांना घरी ठेवू नका, आणि दात बघायला आवर्जून सांगा.

काही वेळा थांबायचं नाही. रात्री झोपू न देणारा ठणका, गालाला सूज, हिरडीतून पू, ताप, तोंड उघडेना झालं, तर त्याच दिवशी दवाखाना. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल तर एक तासही दवडू नका. तंबाखू-मिसरी वापरणाऱ्या बहिणीच्या तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तरीही दाखवायलाच हवं.

नजर कशी ठेवायची?

आता आजच्या भाषणातलं सगळ्यांत महत्त्वाचं. झीज इतकी हळू होते की रोज आरशात बघणाऱ्यालाही कळत नाही. लेकरू वाढतं ते आईला रोज दिसत नाही, पण अंगणवाडीच्या तक्त्यावर दिसतं. दातांसाठीही तसा तक्ता हवा.

आपल्या गटाकडे बचतीची वही असते. तिच्यासारखीच दातांची एक वही करा. वर्षातून दोन पानं लिहायची. एक होळीला आणि एक दिवाळीला. होळीला स्थलांतराहून माणसं घरी आलेली असतात आणि कैरीचा हंगाम अजून पुढे असतो. दिवाळीला पुन्हा कामाला बाहेर पडायची वेळ येते. दोन्ही वेळा बायका एकत्र भेटतात.

प्रत्येकीच्या पानावर चार प्रश्न. थंड पाण्याने दात शिवशिवतात का? जेवणाव्यतिरिक्त दिवसातून किती वेळा आंबट किंवा थंड पेय तोंडात जातं? आठवड्यातून किती वेळा घशाशी आंबट येतं किंवा उलटी होते? कोणता पदार्थ चावायचा सोडला आहे? लिहिता येत नसेल तर खुणा करा. मुलीला लिहायला बसवा.

मग मोबाइलवर चार फोटो. ओठ वर करून पुढच्या दातांचा, तोंड उघडून वरच्या दाढांचा, खालच्या दाढांचा, आणि वरच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूचा. चौथा फोटो अवघड असतो, दुसरीने काढून द्यावा. जागा तीच, सकाळचा उजेड तोच, अंतर तेच. दात आधी कापडाने पुसून घ्यायचे. पुढच्या वेळी जुना आणि नवा फोटो शेजारी ठेवला की झीज थांबली आहे की चालू आहे, याचा अंदाज येतो. फोटो जिचे तिच्याच मोबाइलवर राहू द्या, गटावर पाठवायची गरज नाही.

डॉक्टरकडेही अशीच मोजायची रीत आहे. ती २००८ पासून वापरात आहे. तोंडाचे सहा भाग करतात आणि प्रत्येक भागातला सगळ्यांत जास्त झिजलेला दात पाहून आकडा देतात. झीज नाही तर ०, नुसती सुरुवात असेल तर १, दातपृष्ठाचा निम्म्याहून कमी भाग गेला असेल तर २, निम्मा किंवा जास्त गेला असेल तर ३. सहा आकड्यांची बेरीज जास्तीत जास्त १८. दोनपर्यंत काळजी नाही. ३ ते ८ म्हणजे कमी धोका, ९ ते १३ मध्यम, १४ आणि पुढे जास्त. सगळेच डॉक्टर हे मोजतात असं नाही. पण "आमची झीज किती आहे, आकड्यात सांगता का?" असं विचारायला हरकत नाही. आकडा मिळाला तर वहीत लिहा. पुढच्या वेळी तोच आकडा राहिला, तर समजा आपण जिंकलो. दातांच्या बाबतीत आकडा खाली येत नसतो, तो वाढू न देणं हीच कमाई.

बहिणींनी विचारलेले प्रश्न

एका बहिणीने विचारलं, दात शिवशिवतात तेव्हा लवंग किंवा अंगदुखीची गोळी दाताजवळ धरली तर? लवंगेने थोडा वेळ बरं वाटतं, पण झीज थांबत नाही. गोळी मात्र हिरडीजवळ कधीच धरू नका. तिने हिरडी आणि गाल भाजल्यासारखे होतात.

दुसरीने विचारलं, मिसरी लावली की शिवशिव थांबते, मग ती वाईट कशी? तंबाखूने जागा बधिर होते म्हणून थांबल्यासारखी वाटते. खाली दात घासला जातच असतो, हिरडी सरकत असते, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो तो वेगळाच.

तिसरीने विचारलं, बाभळीचं, निंबाचं दातण चालतं का? काडी चावून मऊ कुंचा केला आणि हलक्या हाताने फिरवला तर चालतं. आंबट खाल्ल्यावर लगेच मात्र नको. आणि दातणात फ्लोराइड नसतं, म्हणून रात्री तरी पेस्ट वापरा.

चौथीचा प्रश्न: दूध भरपूर प्यायलं तर गेलेला थर परत येईल का? मऊ पडलेला थर लाळेने आणि फ्लोराइडने घट्ट होतो. निघून गेलेला थर दुधाने, औषधाने, कशानेही पुन्हा उगवत नाही. म्हणून तर ही सगळी राखण.

बहिणींनो, आजच्या बैठकीचं काम एवढंच. आपल्या गटातल्या ज्या बाईने शेंगदाणे खायचं सोडलं आहे, तिला विचारा, का सोडलंस? घरी भिलीत, पावरीत, मावचीत, अहिराणीत, जिची जी बोली तिच्यात विचारा. ती म्हणेल, "दात आंबतात." मग तिला उजेडात बसवा, तिचे दात बघा, वहीचं पहिलं पान तिचं लिहा आणि तिच्याबरोबर दवाखान्यात जा. एकटीने जायचं म्हटलं की शेतातलं काम मध्ये येतं. दोघी निघाल्या की जाणं होतं.

आमचूर विका, कैरी खा, लिंबू वरणावर पिळा. दात मात्र राखा. पुढच्या भागात पुन्हा भेटू. रामराम.